सूड, दावा आणि उसने : प्रतिशोधवाचक शब्दांचा अर्थ आणि मराठेशाहीतील वैराचा व्यवहार

प्रस्तावना

इंग्रजी भाषेत 'रीक' नावाचा एक जुना शब्द आहे. आज तो 'हाहाकार माजविणे' अशा अर्थाच्या एखाद्या ठरीव वाक्प्रयोगात क्रियापद म्हणून तेवढा भेटतो. परंतु शेक्सपिअरच्या काळात तो नाम म्हणून 'सूड' या अर्थाने वापरला जात असे. 'टायटस अँड्रॉनिकस' या नाटकात तो तसाच आलेला आहे. या शब्दाचे मूळ प्राचीन इंग्रजीतील 'व्रेकन' या क्रियापदात आहे आणि त्याचे दोन अर्थ होते : हाकलून लावणे आणि सूड घेणे. त्याच कुळातील 'व्रेक्का' म्हणजे हद्दपार झालेला माणूस. पुढे याच शब्दापासून 'दीनवाणा, अभागी' या अर्थाचा आजचा 'रेच' हा इंग्रजी शब्द सिद्ध झाला. जर्मन भाषेतील सूडवाचक 'राखं' हा शब्दही त्यांचाच भाऊबंद होय. म्हणजे ज्या समाजात हा शब्द घडला, तेथे सूड ही मनातल्या मनात जळत राहणारी भावना नव्हती. कोणाला तरी आपल्या गोतातून, गावातून, जमिनीवरून बाहेर काढण्याची ती प्रत्यक्ष कृती होती.

इंग्रजी शब्दाची ही जुनी ओळख येथे देण्याचे कारण वेगळे आहे. मराठ्यांच्या इतिहासात सूडाच्या कथांना तोटा नाही. शाळेच्या क्रमिक पुस्तकापासून लोकप्रिय ऐतिहासिक कादंबरीपर्यंत सर्वत्र त्या संतापाच्या, अपमानाच्या आणि पेटून उठण्याच्या कथा म्हणून सांगितल्या जातात. विद्यार्थी महाविद्यालयात येतो तो हेच आकलन घेऊन. परंतु सतराव्या-अठराव्या शतकातील मराठी माणूस ज्या शब्दांनी या गोष्टी बोलत होता, ते शब्द पाहिले असता वेगळेच चित्र समोर येते. त्या शब्दांत संताप थोडा आणि हिशेब फार आहे. प्रस्तुत निबंधात हे शब्द आणि त्यांच्यामागचा व्यवहार तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

वीर आणि वैर

प्रारंभ सर्वांत जुन्या शब्दापासून करणे योग्य होईल. 'वैर' हा शब्द 'वीर' या शब्दापासून साधलेला आहे. वेदकाळी वीर म्हणजे केवळ शूर पुरुष नव्हे, तर कर्ता पुरुष, माणूस. त्या माणसासंबंधीचे जे ते वैर. माणूस मारला गेला म्हणजे त्याच्या कुळाचे मारणाऱ्याच्या कुळाकडे काही येणे उत्पन्न होते. ते येणे म्हणजे वैर. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात 'वैरदेय' असा शब्द आढळतो आणि दुसऱ्या मंडलात 'शतदाय', म्हणजे ज्याचे मोल शंभर आहे असा, हे वीराचे विशेषण येते. मॅक्डोनेल आणि कीथ यांनी 1912 साली प्रसिद्ध केलेल्या 'वेदिक इंडेक्स'मध्ये या शब्दांचा संबंध मनुष्यवधाच्या भरपाईशी जोडला आहे.

येथे इंग्रजी पुन्हा उपयोगी पडते. प्राचीन इंग्रजीत वधाच्या भरपाईला 'वेरगिल्ड' म्हणत. 'वेर' म्हणजे माणूस आणि 'गिल्ड' म्हणजे देणे. हा 'वेर', लॅटिनमधील 'विर' आणि आपला 'वीर' हे एकाच मूळ शब्दाचे तीन अवशेष होत. म्हणजे 'वैरदेय' आणि 'वेरगिल्ड' हे अर्थाने व घडणीने जवळजवळ जुळे शब्द ठरतात. इंग्लंडमध्ये केंटचा राजा एथेलबर्ट याच्या इ. स. 600 च्या सुमाराच्या कायद्यात अशा भरपाईचे दर दिलेले आहेत. वेसेक्सच्या राज्यात सामान्य स्वतंत्र शेतकऱ्याचे मोल 200 शिलिंग आणि सरदाराचे 1200 शिलिंग असे. आपल्याकडे आपस्तंब धर्मसूत्रात क्षत्रियाच्या वधाबद्दल 1000, वैश्याच्या वधाबद्दल 100 आणि शूद्राच्या वधाबद्दल 10 गाई, शिवाय प्रत्येक वेळी एक बैल, असे विधान आहे आणि त्याचा हेतू वैर फेडणे हा सांगितला आहे. बौधायनाच्या मते हे देणे राजाला द्यावयाचे. ब्राह्मणाच्या वधाला मात्र गाईंचा दर नाही, तेथे कठोर प्रायश्चित्तच. एका माणसाचे मोल दुसऱ्याच्या शंभरपट मानणारा समाज न्यायाची कल्पना करतो तेव्हा ती न्यायाची असते की उतरंडीची, हा प्रश्न या आकड्यांसमोर टाळता येत नाही. इंग्लंडातही तोच प्रकार, फक्त पायऱ्या वेगळ्या.

तरीही वैर ही फेडण्याची गोष्ट आहे, ही कल्पना यातून स्पष्ट होते. अमरकोशात सूडासाठी वैरशुद्धी, प्रतीकार आणि वैरनिर्यातन असे पर्याय दिले आहेत. निर्यातन म्हणजे परत करणे. ठेव परत करण्यालाही हाच शब्द. शुद्धी म्हणजे येथे ऋणाची शुद्धी, देणे निरवणे. 'प्रतिशोध' या आजच्या शब्दातला 'शोध'ही हाच, शोधून काढण्याशी त्याचा काही संबंध नाही.

शब्दाच्या मुळावरून संस्था सिद्ध करता येत नाही, हे अर्थात मान्य केले पाहिजे. शब्द जुन्या घरासारखा असतो. बांधणारा गेला तरी त्यात दुसरे लोक राहतात. म्हणून वेदातला वैरदेय दाखवून सतराव्या शतकातल्या देशमुखाच्या वर्तनाचा उलगडा होणार नाही. त्यासाठी त्या काळच्या चालत्या मराठीकडेच गेले पाहिजे.

मराठीतील सूडाची शब्दसंपत्ती

मराठीत सूड 'घेतात' आणि सूड 'उगवतात'. हे दुसरे क्रियापद फार बोलके आहे. सूर्य उगवणे आणि बी उगवणे या अर्थांशी त्याचा मेळ बसत नाही. जुन्या मराठीत उगवणे म्हणजे येणे वसूल करणे, आणि उगवणी म्हणजे वसुली. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857) हा वसुलीचा अर्थ नोंदविलेला आहे. हिंदीतील 'उगाहना' हे क्रियापदही याच कुळातील दिसते. सारा उगवावा, कर्ज उगवावे, तसा सूडही उगवावा. सूड हे जणू थकलेले येणे होते आणि ते थकवून ठेवणाऱ्याला सुटका नव्हती.

'उसने' हा शब्दही याच हिशेबातला. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली तर वाटीभरच परत द्यावयाची, त्याला व्याज नाही. हेच उसने जुन्या मराठीत सूड या अर्थाने येते. 'उसने घेणे' म्हणजे जेवढे नुकसान केले तेवढेच परत करणे. व्याज लावावयाचे असेल तर त्याला वेगळी भाषा आहे. आजही आपण 'सव्याज परतफेड' म्हणतो. 'वचपा' म्हणजे भरपाई. 'बदला' म्हणजे अरबीतून आलेला अदलाबदलीचा शब्द. 'हिशेब चुकता करणे' हे तर उघडच आहे. या यादीपुढे 'डूख धरणे' किंवा 'खुन्नस' हे मनोविकाराचे शब्द ठेवले, तर त्यांचे अल्पमत लक्षात येते. त्यातही डूख धरतो तो बहुधा साप, माणसावर हा शब्द त्याच्यावरून आला.

'सूड' या शब्दाविषयी एक सावधगिरी आवश्यक वाटते. फारसीत 'सूद' म्हणजे नफा, व्याज. सूड हा हिशेबाचा शब्द आहे असे म्हटले की 'सूद' आणि 'सूड' यांची सांगड घालण्याचा मोह होतो आणि वर्गात ती विद्यार्थ्यांना पटतेही. परंतु फारसी-अरबीतून मराठीत आलेल्या शब्दांतील अंत्य 'द' सहसा 'ड' होत नाही. दाद, कैद, रसद हे शब्द जसेच्या तसे राहिले आहेत. ही व्युत्पत्ती म्हणूनच सोडून दिलेली बरी, मग ती प्रस्तुत निबंधाच्या प्रतिपादनाला कितीही सोयीची असो.

दावा : न्यायालय आणि रणांगण

सर्वांत महत्त्वाचा शब्द मात्र 'दावा' हा आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ हक्क सांगणे, फिर्याद. मराठीत त्याला वैर असा दुसरा अर्थ प्राप्त झाला. मोल्सवर्थ दोन्ही अर्थ देतो. 'दावा साधणे' म्हणजे वैर साधणे, आणि 'दावेदार' म्हणजे एकाच वेळी फिर्यादी आणि शत्रू. अरबीतूनच आलेल्या 'अदावत' म्हणजे शत्रुत्व या शब्दाच्या सान्निध्याने हा अर्थ बळावला असणे शक्य आहे. पण केवळ ध्वनिसाम्याने एवढा खोल अर्थ रुजत नाही. ज्या समाजात वतनाचा हक्क सांगणारा आणि जिवावर उठणारा हे बहुधा एकच मनुष्य होते, तेथेच एका शब्दात हे दोन अर्थ सुखाने नांदू शकतात.

हे केवळ मराठीचेच वैशिष्ट्य नाही. लॅटिनमधील 'विंदिकारे' या क्रियापदाचा अर्थ न्यायासनासमोर वस्तूवर हक्क सांगणे असा होता. रोमन कायद्यात मालकी हक्काच्या दाव्याला 'विंदिकात्सिओ' म्हणत. त्याच क्रियापदापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'व्हेंजन्स', 'अव्हेंज' आणि 'रिव्हेंज' हे सूडवाचक शब्द आले. रोमन माणसाचा दावा इंग्लंडात पोहोचेपर्यंत सूड झाला. अरबांचा दावा महाराष्ट्रात येऊन वैर झाला. 'रीक' हा अस्सल इंग्रजी शब्द मागे पडला आणि न्यायालयातून आलेल्या या परक्या शब्दांनी त्याची जागा घेतली, ही गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे.

मराठेशाहीत वतनाच्या दाव्याची रीत ठरलेली होती. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या 1953 च्या ग्रंथात महजरांच्या आधारे ती तपशिलाने मांडली आहे. वादी-प्रतिवादींच्या तकरिरी घेतल्या जात. निर्णय मान्य करू असे राजीनामे आणि वर्तणुकीचे जामीन घेतले जात. मग गोतसभेत किंवा मजालसीत साक्षी-पुरावा होई. पुरावा अपुरा पडला तर दिव्य, त्यात उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याचे रवादिव्य विशेष प्रसिद्ध. निकालानंतर जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी सरकारात जमा होई. पण या सर्वांहून महत्त्वाचा कागद म्हणजे येजितखत. हरलेल्या पक्षाने आपण खोटे ठरलो, यापुढे आपण किंवा आपल्या लेकरांनी कथळा करू नये, असे जिंकणाऱ्याला स्वहस्ते लिहून द्यावयाचे. निवाडा सरकार देत असे, परंतु वैर संपले असे सांगण्याचा अधिकार हरलेल्याकडे होता. आपल्या आजच्या दिवाणी प्रक्रियेत या कागदाला तोड नाही. बांधाच्या वादात हुकूमनामा मिळाल्यानंतरही दोन पिढ्या एकमेकांच्या दारात न जाणारी कुटुंबे धाराशिव जिल्ह्यातील कोणत्याही गावात दाखविता येतील.

येजितखतांनी सगळी वैरे संपली असा याचा अर्थ नव्हे. तसे असते तर एकाच वतनासाठी पुन्हा पुन्हा महजर झाले नसते. जेधे करीन्यासारख्या कागदात देशमुखीसाठी सख्ख्या भावांत झालेल्या खुनांची हकिकत आहे. वतनाच्या भांडणात खून पडल्यावर मृताच्या वारसांना वतनात हिस्सा किंवा जमीन देऊन समेट झाल्याची उदाहरणेही जुन्या कागदपत्रांत मिळतात. म्हणजे रक्ताचे येणे जमिनीने फेडले जाई. वैरदेयातील गाईंची जागा येथे वतनाने घेतलेली दिसते.

संताजी घोरपडे यांचा वध

हिशेबाची ही भाषा खुनाला आवरही घालू शकते आणि आवरणही देऊ शकते. 1697 च्या जून महिन्यात सेनापती संताजी घोरपडे यांचा म्हसवडच्या नागोजी माने यांनी वध केला. प्रचलित हकिकतीनुसार नागोजींची पत्नी राधाबाई हिचा भाऊ अमृतराव निंबाळकर यास संताजींनी हत्तीच्या पायी दिले होते, आणि त्याचा सूड घेण्यासाठी राधाबाईने पतीला प्रवृत्त केले. ही हकिकत मुख्यतः मोगल इतिहासकारांकडून आपल्यापर्यंत आली आहे, हे विसरता येत नाही.

या प्रकरणात सूडाचा हेतू खरा नव्हता असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु संताजी त्या वेळी छत्रपती राजारामांच्या मर्जीतून उतरलेले, धनाजी जाधवांशी झालेल्या झगड्यानंतर सैन्याने सोडलेले, असे एकटे पडले होते. औरंगजेबाला हव्या असलेल्या माणसाचे शिर हे नागोजींच्या दृष्टीने केवळ मेहुण्याच्या रक्ताचे मोल नव्हते. सूड हे कृत्याचे कारण होते तसे ते कृत्याचे समर्थनही होते. 'मी बादशहाकडून बक्षीस मिळविले' यापेक्षा 'मी उसने घेतले' हे वाक्य गोतात ताठ मानेने सांगता येते. या घटनेचे सारे खापर राधाबाईवर फोडण्याची जी प्रवृत्ती आपल्या लेखनात आढळते, तिचाही फेरविचार व्हावयास हवा. राजकारण पुरुषांचे आणि सूड बायकांचा अशी ही वाटणी पुराव्यापेक्षा सोयीवर उभी आहे.

तुळजापूर, 1659

धाराशिव जिल्ह्यात राहून या विषयावर लिहिताना तुळजापूरचा उल्लेख टाळणे शक्य नाही. 1659 साली अफझलखान विजापुराहून निघाला आणि त्याने तुळजाभवानीच्या स्थानाला उपद्रव केला, असे सभासदाची बखर सांगते. कृष्णाजी अनंत सभासद याने ही बखर 1697 च्या सुमारास जिंजी येथे राजारामांच्या आज्ञेवरून लिहिली. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी खान मारला गेला. त्याआधी काही वर्षे कनकगिरी येथे शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी राजे मारले गेले होते आणि त्याला अफझलखान कारण झाला असे मानले जाते. म्हणून बखर-परंपरेत जिजाबाई पुत्राला निरोप देताना थोरल्या मुलाचे उसने घेण्यास सांगतात.

आज तुळजापुरात हा प्रसंग सांगितला जातो तेव्हा देवीच्या अवमानाचा सूड ही त्याची मध्यवर्ती कल्पना असते. परंपरेच्या दृष्टीने ती समजण्यासारखी आहे. इतिहासाच्या अध्यापकापुढची अडचण वेगळी आहे. प्रतापगडाच्या प्रसंगाआधीची वकिलांची ये-जा, जावळीच्या मुलखाची निवड, मावळातील देशमुखांना आपल्या बाजूस राखण्यासाठी केलेले प्रयत्न, आणि वधानंतर थोड्याच दिवसांत पन्हाळ्यापर्यंत मारलेली धडक, या गोष्टी संतापाने होत नाहीत. कान्होजी जेधे यांनी आदिलशाही फर्मान हाती असताना वतनावर पाणी सोडून महाराजांची बाजू घेतली, ते खानावर डूख धरून नव्हे. आई आपल्या मुलाचे उसने मागते ही घरातली भाषा. तिच्या बाहेर राज्य मांडण्याचा फार मोठा व्यवहार उभा होता. एका शब्दाने दोन्ही झाकले की राज्य मांडणारा पुरुष केवळ सूड घेणारा पुरुष होऊन बसतो, आणि पुढे सूडाची ती वही आजच्या शेजाऱ्याच्या नावावर चढविणेही सोपे होते. वर्गात हा धडा शिकविणाऱ्याला ही जोखीम चांगलीच परिचयाची आहे.

मुधोळकरांना पत्र

शिवाजी महाराजांच्याच चरित्रात याच्या उलट बाजूचा एक अस्सल कागद उपलब्ध आहे. 1648 साली जिंजीच्या परिसरात मुस्तफाखानाने शहाजी राजांना कैद केले. त्यात मुधोळचे बाजी घोरपडे यांचा हात होता. पुढे 1664 मध्ये महाराजांनी मुधोळवर चालून जाऊन बाजी घोरपड्यांना मारले. बखरींच्या भाषेत हे पित्याचे उसने घेणे झाले. हिशेब बरोबरीत आला असे एका पक्षाला वाटले असेल, परंतु बाजींच्या मुलाच्या वहीत आता नवे येणे मांडले गेले होते. वैराच्या हिशेबाची खरी अडचण येथेच आहे. दोन्ही घरी वह्या असतात आणि त्यांची बाकी कधीच जुळत नाही. इंग्लंडचा राजा एडमंड (939–946) याला कायदा करून वैर फक्त प्रत्यक्ष मारेकऱ्यापुरते ठेवावे लागले, त्याच्या नातेवाइकांवर ते चालवू नये असे फर्मावावे लागले, ते याच कारणाने.

1677 साली दक्षिणेच्या मोहिमेवर असताना महाराजांनी भागानगरहून बाजींचे पुत्र मालोजी घोरपडे यांना पत्र लिहिले. पत्राची मांडणी पाहण्यासारखी आहे. महाराज जुने वैर झाकून ठेवीत नाहीत. दोन्ही घराण्यांचा पूर्वीचा संबंध, भोसल्यांनी घोरपड्यांवर केलेला उपकार, शहाजी राजांच्या कैदेतील बाजींचा भाग आणि त्यानंतर दोन्हीकडे पडलेली माणसे, हे सर्व ते क्रमाने मांडतात. एखाद्या तकरिरीत मांडावे तसे. मग ते आता ते वैर मनातून काढले असल्याचे सांगतात, मराठ्यांनी एक व्हावे असा हेतू व्यक्त करतात आणि मालोजींनी आदिलशाही सोडून कुतुबशाहीकडे यावे असे सुचवितात. कुतुबशहाकडून त्यांचा मान आणि मोकासा यांची तजवीज करून देण्याची हमीही त्यात आहे.

नुसती क्षमा मागणारे किंवा क्षमा करणारे असे हे पत्र नाही. बाप मारला गेलेल्या मुलाला ते येणे मान्य करून, त्याच्या बदल्यात काय मिळेल हे सांगून बोलावले आहे. जिंकलेल्या पक्षाने लिहिलेले येजितखत, असे त्याचे वर्णन करण्याचा मोह प्रस्तुत लेखकाला होतो.